ज्यांना काही झालं नाही, त्यांचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे निवृत्त मुख्य सर्जन. व्यासपीठावर विराजमान वैद्यकीय संचालिका आणि विश्वस्त मंडळाचे सदस्य. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या मेट्रनबाई. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे बंधू आणि भावजय. सर्व डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातली आणि धुलाईखान्यातली मंडळी. आणि ड्युटी संपली तरी घरी न जाता तिथे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे सहकारी,

माझ्याआधी पुष्कळ जण बोलले आणि चांगलं बोलले. बाईंची शिस्त झाली, बाईंचा दरारा झाला, वॉर्डात शिरताना त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून माणसं कशी सरळ बसायची तेही झालं. आता माझ्यासाठी उरलं काय? मी माहिती विभागाचा माणूस. तळघरात बसतो. माझ्याकडे पेशंट येत नाही, त्याचा आकडा येतो. मला बोलायला उभं करा, असं खुद्द बाईंनीच संचालिकांना सांगितलं, तेव्हा मी घाबरलो, पण कारण लगेच ओळखलं. आपल्या हॉस्पिटलात एक गोष्ट प्रत्येकाला अर्धी-अर्धी ठाऊक आहे आणि प्रत्येकाचा अर्धा भाग वेगळा आहे. ती एकदा सलग सांगितली जावी, असं बाईंना वाटत असावं. मी परवानगी मागायला गेलो तर म्हणाल्या, "सांगा. पण मला मोठी करू नका." प्रयत्न करतो.

गोष्ट आपल्या मोबाइलवरच्या डॅशबोर्डची आहे. आता डॅशबोर्ड हा शब्द फक्त माझ्या विभागात आणि खरेदीच्या कागदांवर चालतो. वॉर्डात सगळे त्याला 'फळा' म्हणतात. "फळ्यावर काय आलंय?" असं विचारतात. मला तेच नाव आवडतं.

नव्या मंडळींना कदाचित खरं वाटणार नाही, पण फळा येण्याआधी आपल्याकडे महिन्याचा अहवाल निघायचा. छापून, शिवून, पुढच्या महिन्याच्या बैठकीत चहाच्या कपांशेजारी ठेवला जायचा. किती खाटा रिकाम्या होत्या, कुठलं औषध संपलं होतं, किती जणांचे टाके पिकले, सगळं त्यात असायचं. फक्त ते कळेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी गेलेला असायचा, किंवा बरा न होता गेलेला असायचा. मग संचालिकाबाईंनी ठरवलं की हीच माहिती रोजच्या रोज, ज्याला तिच्यावर काही करता येईल त्याच्या हातातल्या फोनवर दिसली पाहिजे. काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी फळा डोक्यावर घेतला, असं मी म्हणालो तर मागून हसण्याचा आवाज येईल. सिस्टर लोकांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती, की ड्रेसिंग बदलताना जखमेची नोंद फोनवर करायची म्हणजे पेशंटचा हात धरायचा की फोन? बाईंनी त्यावर भाषण दिलं नाही. आठवडाभर स्वतः प्रत्येक वॉर्डात ड्रेसिंगला उभ्या राहिल्या आणि नोंदी स्वतः केल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "तुमच्या पडद्यावर बोटं फार ठिकाणी लावावी लागतात. कमी करा." मी कमी केली. तक्रार थांबली.

बाईंची दुसरी मागणी मात्र बरीच गाजली. टाके पिकण्याचा आकडा सगळ्या हॉस्पिटलचा एकत्र नको, प्रत्येक ऑपरेशन थिएटरचा वेगळा हवा. सर्जन मंडळींना हे रुचलं नाही. थिएटरचा आकडा म्हणजे पर्यायाने सर्जनचा आकडा, आणि सर्जनकडे बोट दाखवायचं काम एका फोनने करायचं? अध्यक्ष महोदय, तुम्ही तेव्हा बैठकीत म्हणाला होता की तुमचा पेशंट तुम्ही रोज सकाळी डोळ्यांनी बघता, पडद्यावर बघायची तुम्हाला गरज नाही. शेवटी तडजोड झाली. तो आकडा संचालिका, मेट्रन आणि संबंधित सर्जन एवढ्यांच्याच फोनवर दिसेल. तुम्ही तो उघडत नव्हतात, हे मला तळघरात बसून कळत होतं, पण मी कोणाला सांगितलं नाही.

आता मूळ प्रसंग.

रविवारची दुपार होती. बाई सुट्टीवर होत्या, भावाच्या घरी. भाऊ सुतार. जिने आणि छपरं करण्यात त्यांचा हातखंडा. उंचावर चढून काम करता करता मणक्यातली एक गादी सरकली, नस दबली, आणि उजव्या पावलातली ताकद हळूहळू कमी व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आपल्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या म्हणजे दोन नंबरच्या थिएटरमध्ये, कारण मणक्याच्या ऑपरेशनचं मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र त्याच थिएटरमध्ये बसवलेलं आहे. सर्जन अर्थातच आजचे अध्यक्ष. बाई भावाची बॅग भरत होत्या. मध्येच सवयीने त्यांनी फोन उघडला.

फळ्यावर दुसऱ्या थिएटरची, टाके पिकण्याची रेघ वर चढलेली होती.

त्यांनी मला फोन लावला. मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. गळ्याला कापड, अर्धं डोकं झालेलं, अर्धं व्हायचं. बाईंनी एवढंच विचारलं, "हा आकडा खरा आहे की तुमचं यंत्र चुकतंय?" मी न्हाव्याला थांबवलं आणि तिथेच माझ्या फोनवर एकेक नोंद उघडून पाहिली. नोंदी बरोबर होत्या. वेगवेगळ्या सिस्टरनी, वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या. थोड्याच दिवसांत चार-पाच जणांच्या जखमा बिघडलेल्या, आणि सगळ्यांचं ऑपरेशन त्या एकाच थिएटरमध्ये झालेलं. एरवी तिथे एखादाच असायचा.

मी बाईंना हे सांगितलं आणि माझ्या शिक्षणाला स्मरून पुढे हेही सांगितलं की आकडे लहान आहेत. लहान आकड्यांत योगायोगाने असं होऊ शकतं.

त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला खात्रीने सांगता यायला किती वेळ लागेल?"

मी म्हणालो, "अजून दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी हव्यात."

मग त्या म्हणाल्या, "आणि त्या दोन-तीन आठवड्यांत टेबलावर माणसंच येणार ना?"

सभागृहाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर पहिला नंबर त्यांच्या सख्ख्या भावाचा आहे, हे बाईंनी मला त्या संभाषणात एका शब्दाने सांगितलं नाही.

बॅग अर्धवट ठेवून त्या तशाच, घरच्या कपड्यांत, हॉस्पिटलात आल्या. ज्यांच्या जखमा बिघडल्या होत्या त्या प्रत्येकाच्या खाटेशी गेल्या, हात धुतले, पट्टी सोडली आणि टाके पाहिले. एका आजोबांना वाटलं मेट्रन रविवारी आली म्हणजे आपलं काही खरं नाही. त्यांची समजूत काढायला बाईंना बराच वेळ बसावं लागलं. शेवटच्या खाटेपाशी उभ्या असताना त्यांनी संचालिकांना फोन केला. संचालिकाबाई परगावी एका परिषदेत होत्या. त्यांनी तिथेच आपल्या फोनवर तीच रेघ उघडली. एक भावाच्या घरून आलेली, एक परिषदेच्या सभागृहात, आणि एक अजून अर्ध्याच हजामतीचा. तीन ठिकाणची तीन माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होती. जुन्या पद्धतीने हे पुढच्या महिन्याच्या बैठकीत आलं असतं.

निर्जंतुकपणाबद्दल शंका आली तर मेट्रनने थिएटर बंद करावं, असा आपल्या नियमांत एक अधिकार आहे. तो कोणी वापरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बाईंनी त्या संध्याकाळी दुसऱ्या थिएटरला कुलूप लावलं. मग त्या सर्जनसाहेबांना फोन करत राहिल्या. साहेब गावाबाहेर होते, फोन लागला नाही.

त्यामुळे सोमवारी सकाळी जे झालं ते कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर झालं. अध्यक्ष महोदय, इथून पुढचा भाग तुमच्याबद्दल आहे. तुमची हरकत नसेल तर बोलतो. मान हलली. आभारी आहे.

साहेब कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा उपाशीपोटी, हिरव्या गाउनमध्ये तीन पेशंट स्ट्रेचरवर होते. दाराला कुलूप होतं आणि बाई दारापाशी उभ्या होत्या. मला पुरावा म्हणून बोलावलं होतं. मी फोन हातात धरून भिंतीशी उभा होतो, आणि जमिनीने पोटात घ्यावं तर बरं, असं मला वाटत होतं.

साहेबांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, एका मोबाइलच्या पडद्यावरून तुम्ही माझं थिएटर बंद केलंत?"

बाई म्हणाल्या, "पडद्याने मला वॉर्डात पाठवलं, सर. थिएटर मी टाके बघून बंद केलं."

मग साहेबांनी पहिल्या स्ट्रेचरकडे पाहिलं. "पहिला पेशंट तुमचा भाऊ आहे. त्याच्या पावलातली ताकद रोज जातेय. एकदा गेली की मी ती परत आणू शकत नाही. हे तुम्हाला कळतंय?"

"कळतंय," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. भाऊ स्ट्रेचरवर पडल्या पडल्या बहिणीकडे बघत होते. बाईंनी पुढे होऊन त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि वॉर्डबॉयला त्यांना परत खाली न्यायला सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. भिंती, पाणी, हवा, टेबल, सगळ्यांचे नमुने तपासायला गेले. पहिले निकाल आले ते स्वच्छ. थिएटर उघडा, असा दबाव वाढला. कॅन्टीनमध्ये लोक म्हणायला लागले की बाई आकड्यांच्या नादी लागल्या, फोनने त्यांना झपाटलं. माझ्याकडे बघून लोक बोलणं थांबवायचे, त्यावरून मला कळायचं काय बोलत होते. ज्यांची ऑपरेशनं थांबली त्यांचे नातेवाईक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसून असायचे. त्या प्रत्येकाला आत बोलवायच्या आणि काय झालंय, काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते सांगायच्या. मी एकदा म्हणालो, "एवढं सांगायची गरज आहे का?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

दोष सापडला तो आकड्यांनी नाही, आणि बाईंनीही नाही. तो शोधून काढला आजच्या अध्यक्षांनी.

दोन दिवस साहेबांनी बाईंशी संबंध ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता उपकरणं निर्जंतुक करायच्या खोलीत गेले. बाह्या वर केल्या आणि तिथल्या कामगारासोबत वाफेच्या यंत्रातून निघालेले हत्यारांचे गठ्ठे एकेक करून सोडायला बसले. लहान गठ्ठे कोरडे होते. मणक्याच्या ऑपरेशनचा संच सगळ्यांत मोठा, त्याचा गठ्ठाही मोठा. तो सोडला तर बाहेरची फडकी कोरडी, आणि मधलं ओलं. ओलं म्हणजे तिथपर्यंत वाफ नीट पोचलीच नव्हती. यंत्राच्या दाराचं रबर झिजलं होतं. वाफ हळूच बाहेर जात होती आणि काटा मात्र बरोबर जागेवर उभा राहत होता. मोठे संच फक्त दुसऱ्या थिएटरला लागायचे, म्हणून त्रासही तिथेच.

साहेब ते रबर हातात घेऊन तडक बाईंच्या खोलीत आले. मी तिथेच होतो. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे गेलेलं होतं." आणि खुर्ची ओढून बसले. मग बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला. सर, तुम्ही त्या दिवसापासून रोज सकाळी फळा उघडायला लागलात. एकदा तर मला फोन करून रागावलात की रेघ कालपासून हलत कशी नाही. तुमच्या फोनचं नेट बंद होतं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याखाली तो कधीचा आहे, ते मी लिहायला लागलो. ही सुधारणा तुमच्या नावावर.

रबर बदललं, थिएटर उघडलं, बिघडलेल्या जखमा वेळ लागला तरी सगळ्या भरल्या. इथे गोष्ट संपली असती तर मला आज एवढं बोलावं लागलं नसतं.

भावाचं काय झालं? त्यांना दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिथे नंबर लागेपर्यंत दिवस गेले. ऑपरेशन चांगलं झालं, कळ गेली. पण उजवं पाऊल वर उचलायची ताकद आली नाही. बुटात पट्टी घालून ते चालतात. उंचावर चढायचं काम सुटलं. आता घरीच बसून खुर्च्या करतात. या सभागृहात तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्यांतल्या पुढच्या दोन रांगा त्यांनी केलेल्या आहेत.

घरात त्या वेळी जे बोललं गेलं, ते बाईंनीच मला सांगितलेलं आहे आणि भावजयबाईंना विचारून मी इथे सांगतो आहे. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या फोनने आमचा माणूस बसवला, ताई." भावाचं पाऊल सगळ्यांना दिसत होतं. थिएटर उघडं राहिलं असतं तर त्या मोठ्या गठ्ठ्यातली हत्यारं ज्यांच्या मणक्यापर्यंत गेली असती, ती माणसं कोण? कदाचित त्यांत भाऊ स्वतःच पहिले असते. कदाचित नसते. कोण शपथेवर सांगणार?

काही महिन्यांनी बाई तळघरात आल्या. त्या क्वचित यायच्या. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या फळ्यावर अशी एक चौकट करता येईल का? ज्यांना काही झालं नाही, त्यांची."

मी म्हणालो, "प्रयत्न करतो." आणि खरंच केला. जुन्या नोंदी काढल्या, हिशेब मांडले, मोडले. शेवटी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं की अमुक इतक्या जणांना झालं असतं, असा अंदाज करता येतो, पण ते कोण, हे कुठलाही आकडा सांगू शकत नाही. तुमच्या भावाबद्दल तर मुळीच नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग राहू द्या." आणि नेहमीप्रमाणे वॉर्डाच्या फेरीला निघून गेल्या. फेरी एक दिवस चुकली नाही. सकाळी फळा उघडायचा, जिथे रेघ हलली असेल तिथे आधी जायचं. लोक आपसांत विचारायचे, एवढं होऊन अजून तो फोन हातात धरवतो कसा? मीही मनात विचारलं आहे.

भाऊ-बहिणीचं बोलणं कालांतराने सुरू झालं. भावजयबाई मात्र घरात बाई आल्या की स्वयंपाकघरात जायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. आणि मग गेल्या वर्षी भावजयबाईंचंच ऑपरेशन ठरलं. पोटाचं. आपल्या हॉस्पिटलात, आणि त्या आठवड्यात पहिलं थिएटर रंगकामासाठी बंद होतं, म्हणजे दुसऱ्याच थिएटरमध्ये. दुसरीकडे जाण्याची सोय होती. भाऊ म्हणाले होते, आपण दुसरीकडे जाऊ. त्याच म्हणाल्या, नको.

आदल्या दिवशी त्या वॉर्डात दाखल झाल्या. संध्याकाळच्या फेरीत बाई त्यांच्या खाटेशी आल्या. मी शेजारच्या खाटेपाशी सिस्टरच्या फोनमधला एक बिघाड काढत होतो, म्हणून हे माझ्या कानावर पडलं. बाईंनी त्यांची नाडी पाहिली, उशी नीट केली आणि निघाल्या. तेव्हा भावजयबाईंनी त्यांना हाक मारली.

"ताई, फोन बघितलात का?"

बाई थांबल्या. "बघितला."

"काय म्हणतो?"

"ठीक आहे."

"मशीनचं?"

"सकाळी मी स्वतः गठ्ठा उघडून बघितला. कोरडा होता."

भावजयबाई म्हणाल्या, "मग मी जाते उद्या." आणि सरकून त्यांनी खाटेवर बाईंसाठी जागा केली.

बाई बसल्या. ड्युटीच्या वेळात पेशंटच्या खाटेवर बसायला आपल्याकडे सक्त मनाई आहे आणि तो नियम बाईंचाच आहे. मी फोन तसाच सोडून वॉर्डाबाहेर आलो.

उद्यापासून मेट्रनच्या फोनवर नवीन मेट्रनबाई फळा उघडतील. त्यांना मी काय सांगणार? रेघ मी दाखवीन. खाटेपर्यंत चालत जाणं त्यांना बाईंकडूनच शिकायचं होतं, आणि बाईंनी शेवटच्या दिवसांत त्यांना तेच शिकवलेलं आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संचालिकांचा, आणि आपल्यावरचं बोलणं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचा मी आभारी आहे. एवढा वेळ उभं राहून ऐकणाऱ्या सहकाऱ्यांचे तर विशेष आभार. तुमचे पाय दुखत असतील, हे मला ठाऊक आहे. एका गोष्टीची मात्र क्षमा मागायची आहे. बाई, या गोष्टीतल्या बाकी सगळ्याला तुमची परवानगी होती. खाटेवरच्या त्या बोलण्याला नव्हती, कारण मी ते ऐकलंय हे तुम्हाला माहीतच नव्हतं. आता झालं माहीत. रागावणार असाल तर आज रागवा, तुमच्या हाताखाली असण्याचा माझा हा शेवटचा दिवस आहे. नमस्कार.